प्रश्न विचारत राहिलेला माणूस : अबू रैहान अल-बिरूनी

काचेची बाटली पाण्याने गच्च भरून फ्रीजरमध्ये ठेवली की ती तडकते. बहुतेक घरांत एकदा तरी हे होतंच आणि मग लहान मूल विचारतं, का? थंडीने वस्तू आकसते ना, मग बाटली फुटली कशी? हाच प्रश्न हजार वर्षांपूर्वी मध्य आशियातल्या एका तरुणाने पत्रातून विचारला होता. बर्फ पाण्यावर का तरंगतो, सूर्याची उष्णता इथवर कशी पोहोचते, आपल्या जगाशिवाय दुसरं जग असू शकतं का, असे एकूण 18 प्रश्न. त्यातले 10 अरस्तूच्या आकाशाविषयीच्या ग्रंथावर होते.

विचारणारे होते अबू रैहान अल-बिरूनी. उत्तरं द्यायची होती इब्न सिनांना, जे बिरूनींपेक्षा सुमारे सात वर्षांनी लहान होते. उत्तरं आली, पण बिरूनींचं समाधान झालं नाही. त्यांनी पुन्हा हरकती काढल्या, त्याही चांगल्याच तिखट. शेवटी इब्न सिनांच्या बाजूने त्यांच्या शागीर्दाने कलम उचललं. अरस्तूचं नाव घेतलं की वाद मिटायचा असा तो जमाना. जुन्या लोकांनी म्हटलंय म्हणून आकाशाबद्दलची एखादी गोष्ट खरी कशी मानायची, हे बिरूनींना काही केल्या पटत नव्हतं.

त्यांचा जन्म 973 साली ख्वारिज्मची राजधानी काथ इथला. ही जागा आज उझबेकिस्तानात आहे. उस्ताद मिळाले ते राजघराण्यातले गणिती अबू नस्र मन्सूर. पण 995 मध्ये ते घराणंच उलथलं आणि विशीतल्या बिरूनींना गाव सोडून पळावं लागलं. पुढची वर्षं या दरबारातून त्या दरबारात गेली, तरी आकाश पाहणं सुटलं नाही. 24 मे 997 च्या चंद्रग्रहणाच्या वेळी ते काथमध्ये आणि अबुल वफा बगदादमध्ये, असं दोघांनी ठरवून ग्रहण पाहिलं. चंद्रग्रहण सगळीकडे एकाच क्षणी दिसतं, घड्याळाची वेळ मात्र गावोगाव वेगळी असते. त्या वेळेच्या फरकावरून दोन शहरांमधलं पूर्व-पश्चिम अंतर काढता येतं. ना तार होती ना फोन, फक्त पत्रं!

1017 मध्ये महमूद गझनवीने ख्वारिज्म जिंकलं आणि तिथल्या आलिमांना गझनीला नेलं. त्यात बिरूनीही होते. पाहुणे म्हणून की कैदी म्हणून, हे ज्याने त्याने ठरवावं. पुढच्या वर्षी काबूलजवळच्या एका खेड्यात असताना त्यांच्याकडे एकही उपकरण नव्हतं, म्हणून त्यांनी हिशेबाच्या पाटीच्या पाठीवर कंस आखून सूर्याची उंची मोजली. गझनीचा किब्ला नेमका कुठल्या दिशेला, हे शोधायला त्यांनी शहरांचे अक्षांश-रेखांश काढण्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. नमाजच्या वेळेसाठीही एक यंत्र बनवलं होतं. त्यावर रूमी महिने कोरलेत म्हणून एका कट्टर गृहस्थाने ते नाकारलं. यावर बिरूनींचं म्हणणं असं की रूमी लोक जेवतातही, तर मग त्यातही त्यांची नक्कल करू नका.

हिंदुस्तानात आले तेव्हा त्यांनी संस्कृत शिकायला घेतली. वय चाळिशीच्या पुढे. पंडितांकडून समजून घेत, पोथ्या गोळा करत त्यांनी 1030 च्या सुमारास ‘किताब-उल-हिंद’ पूर्ण केली. महमूदच्या स्वाऱ्यांनी या मुलखाची भरभराट उद्ध्वस्त केली आणि इथली विद्या दूर काश्मीर-बनारसकडे निघून गेली, हे त्यांनी त्यात स्पष्ट लिहून ठेवलंय. पोट त्याच दरबारावर चालत होतं, हे लक्षात घेतलं की त्या ओळींचं वजन कळतं. याच किताबात कोकणाचा आणि समुद्रकाठच्या त्याच्या राजधानीचा, ‘ताना’चा उल्लेख आहे. आपलं ठाणे!

पृथ्वी फिरते की आकाश? आर्यभटाच्या मताची त्यांना माहिती होती. पृथ्वी फिरते असं धरलं तरी ज्योतिषगणिताचं काही बिघडत नाही, असं त्यांनी मांडलं, मात्र शेवटी ते स्थिर पृथ्वीच्याच बाजूने राहिले.

पृथ्वी मोजायला त्यांना नंदनाचा किल्ला उपयोगी पडला. तो आज पाकिस्तानी पंजाबात आहे. खलिफा मामूनच्या काळी याच कामासाठी लोक वाळवंटात मैलोन्मैल चालले होते. बिरूनींनी एक डोंगर निवडला, त्याची उंची मोजली आणि माथ्यावरून क्षितिज किती खाली झुकलेलं दिसतं तो कोन घेतला. तो भरला 34 मिनिटं, म्हणजे जेमतेम अर्धा अंश. बाकी काम एका त्रिकोणाचं. त्यांचं उत्तर आजच्या 6,371 किलोमीटर त्रिज्येच्या अगदी जवळ आहे, असं इंटरनेटवर दशांशासकट फिरत असतं. पण त्यांचा ‘हात’ नेमका किती लांबीचा होता यावर अभ्यासकांचं एकमत नाही, तेव्हा दशांशाची फुशारकी नको. रीत मात्र बिनचूक आहे.

1029 मध्ये त्यांनी ‘तफहीम’ लिहिली, ती हसनची मुलगी रैहाना हिच्यासाठी. भूमिती, गणित, तारे, राशी, सगळं सवाल-जवाबाच्या रूपात, 530 प्रश्नांमध्ये. हजार वर्षांपूर्वी एका मुलीच्या हाती खगोलशास्त्राचं पुस्तक दिलं गेलं होतं, हे आपल्याकडे फार कमी सांगितलं जातं.

सुलतान मसूदच्या नावाने त्यांनी ‘कानून-ए-मसूदी’ हा मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा इनाम म्हणून हत्तीवर लादलेली चांदी आली आणि त्यांनी ती परत केली, असं सांगतात.

पंचाहत्तरीच्या आसपास, गझनीत ते शेवटच्या आजारात पडून होते. एक फकीह भेटायला आले. श्वास घशात अडकलेला, तरी बिरूनींनी त्यांना वारशातल्या आजीच्या हिश्शाचा एक मसला विचारला, मागे कधीतरी अर्धवट राहिलेला. अशा वेळी कशाला, म्हणून फकीह हळहळले. न समजता जाण्यापेक्षा समजून गेलेलं बरं, असं बिरूनींचं उत्तर. मग फकीहांनी मसला समजावला, बिरूनींनी तो पुन्हा म्हणून दाखवला. फकीह निरोप घेऊन रस्त्यावर आले, तोच घरातून रडण्याचा आवाज ऐकू आला.