हळदीकुंकवापासून हॉस्पिटलपर्यंत

संक्रांत झाली की गोंडपिपरीत पुढचे पंधरा दिवस काय चालतं, हे तुम्हाला सांगायला नको. आज या गल्लीत हळदीकुंकू, उद्या त्या गल्लीत. एरवीही महिन्याला बचत गटाची मीटिंग असते, भजनी मंडळाचा सराव असतो. आई किंवा काकू पदर खोचून निघाली की घरातलं कुणीतरी टोमणा मारतंच, की झाल्या बायका गोळा, आता दोन तास गप्पा. तुम्हीही कधीतरी मारला असेल.

आता दुसरी गोष्ट बघा. तुमच्या वर्गातली, शेजारची किंवा नात्यातली एक तरी मुलगी एएनएम नाहीतर जीएनएम करत असेल. चंद्रपूरला, नागपूरला होस्टेलवर राहत असेल. तिच्या वडिलांना त्यात लाज वाटत नाही, उलट चार लोकांत ते अभिमानानं सांगतात. हळदीकुंकवाच्या गप्पा आणि नर्सिंगचा युनिफॉर्म, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं तुम्हाला कधी वाटलं का? तो संबंध जिच्या आयुष्यात सापडतो, ती बाई म्हणजे रमाबाई रानडे.

नाव ओळखीचं वाटलं ना? २०१२ साली झी मराठीवर उंच माझा झोका लागायचं तेव्हा तुम्ही शाळेत असाल. त्यातली परकर-पोलक्यातली छोटी रमा सगळ्या घरांनी डोक्यावर घेतली होती. गंमत अशी की आपल्या लक्षात राहिली ती छोटी रमाच. तिनं पुढे काय केलं हे विचारलं तर बहुतेक जण न्यायमूर्तींच्या बायको होत्या इथंच थांबतात.

तर रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या देवराष्ट्रे गावचा. माहेरचं आडनाव कुर्लेकर, नाव यमुना. मुलीनं अक्षर गिरवलं तर घरावर संकट येतं असं मानण्याचा तो काळ, आणि कुर्लेकरांचं घरही त्याला अपवाद नव्हतं. अकराव्या वर्षी, १८७३ च्या डिसेंबरमध्ये तिचं लग्न झालं. नवरा बत्तिशीला टेकलेला, बिजवर, पुण्यात सरकारी न्यायाधीश. महादेव गोविंद रानडे.

या लग्नावरून रानड्यांना पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पहिली पत्नी वारल्यावर ते स्वतः एखाद्या विधवेशी लग्न करतील अशी सगळ्या सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांनी हट्ट धरला, घाईनं मुलगी ठरवली, आणि रानडे वडिलांपुढे नमले. मला विचाराल तर या ठिकाणी रानडे कमी पडले. पण ज्या मुलीशी लग्न केलं तिला त्यांनी अडाणी ठेवलं नाही. लग्नानंतर लगेच पाटी-पेन्सिल आली. आधी मराठी, मग इंग्रजी.

आता घराचं चित्र डोळ्यांसमोर आणा. मोठा वाडा, सासू, विधवा नणंद, नात्यातल्या आणखी कितीतरी बायका. यातल्या कुणालाही हे शिकणं मान्य नव्हतं. रात्री नवऱ्याजवळ अभ्यास आणि दिवसभर त्यावरून टोमणे. भांडी घासायला बसलेली असताना इंग्रजी वर्तमानपत्राचा तुकडा हाती लागला आणि रमा तो वाचत राहिली, त्यावरून घरात केवढं महाभारत झालं! पुढे इंग्रजी शिकवायला मिशनच्या मिस हरफर्ड यायला लागल्या. ख्रिस्ती बाईजवळ बसून उठल्यावर अंघोळ केल्याशिवाय घरात कशाला शिवायचं नाही, असा मोठ्या बायकांचा नियम. रमा अंघोळ करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धड्याला बसायची.

ती उलट बोलली नाही. तुम्हाला आणि मला हे वाचताना राग येतो. वाटतं, एकदा तरी सुनवायचं होतं ना. पण रमाबाईंनी आयुष्यभर हीच रीत ठेवली. घरातल्यांशी भांडण टाळायचं, आणि जे करायचं ते सोडायचंही नाही. ही रीत बरोबर की चूक यावर कँटीनमध्ये तासभर वाद घालता येईल. तिच्यामुळे त्या टिकल्या, एवढं मात्र दिसतं.

रानड्यांच्या बदल्या होत राहिल्या, नाशिक, धुळे. नाशिकला मुलींच्या शाळेच्या कामात रमाबाई पहिल्यांदा चारचौघांत बोलल्या. भाषण नवऱ्यानं लिहून दिलेलं. तिथंच हळदीकुंकवाच्या निमित्तानं बायकांना एकत्र आणायचं आणि मग हळूच शाळेचा विषय काढायचा, ही युक्ती त्यांना सापडली. साधी युक्ती आहे, पण त्या काळात बाईला घराबाहेर पडायला कारण लागायचं. देवळात जाणं, हळदीकुंकू, फार तर माहेर. याच्यापलीकडे कारणच नव्हतं. रमाबाईंनी नवं कारण मागितलं नाही, जुन्याच कारणात नवं काम भरलं.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज सुरू झाला. बायकांची स्वतःची, नियमित भरणारी सभा. रमाबाई रानडे तिकडे जायला लागल्या आणि घरी परत एकदा अबोला सुरू झाला. मग मुलींसाठी हायस्कूल काढावं म्हणून पुण्यात मोठी सभा झाली. तिथं गव्हर्नर फर्ग्युसन यांच्यासमोर रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचलं. ज्या मुलीला अकराव्या वर्षापर्यंत अ-आ-ई माहीत नव्हतं तिचं वय तेव्हा विशीच्या आसपास. १८८४ साली ती शाळा सुरू झाली, तीच पुण्याची हुजूरपागा. सभेहून घरी आल्यावर कौतुक वाट्याला आलं नाही, हे आता सांगायला नको.

मध्येच एक गमतीचा किस्सा. १८८६ च्या सुमारास रानडे सरकारी कमिटीच्या कामाला कलकत्त्याला गेले, रमाबाई सोबत होत्या. रानड्यांना बंगाली शिकायचं होतं. ते चक्क दाढी करायला येणाऱ्या न्हाव्याकडून शब्दांचे उच्चार पक्के करून घ्यायचे आणि मग बायकोला शिकवायचे. हायकोर्टाच्या वाटेवर असलेला माणूस न्हाव्यापुढे विद्यार्थी होऊन बसलाय! ऑनलाइन कोर्स विकत घेऊन पहिल्या व्हिडिओवर थांबणाऱ्या आपण सगळ्यांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

१८९३ मध्ये रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेलं. इथं रमाबाईंच्या कामाला रंग चढला. प्रार्थना समाजाच्या बायकांमध्ये काम, आर्य महिला समाजाची मुंबईतली शाखा, आणि हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब. होय, नावातच क्लब. पण क्लब म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं तसलं काही नाही. बायका ठरल्या वेळी जमायच्या, वाचायच्या, भाषा शिकायच्या. सामान्य ज्ञानाचा वर्ग असे, शिवण आणि हातकामाचे वर्ग असत. शिवणाचा वर्ग हे घरी सांगायला सोपं कारण होतं. आणि शिवण शिकलेल्या बाईच्या हातात, गरज पडली तर, चार पैसे येणार होते.

एक गोष्ट इथं स्पष्ट सांगायला हवी. या सभांना आणि क्लबला येणाऱ्या बहुतेक बायका शहरातल्या, वरच्या जातींतल्या, बऱ्या परिस्थितीतल्या घरांच्या होत्या. आपल्या भागातली धानाच्या बांधीत रोवणी करणारी बाई, तेंदूपानं तोडणारी बाई त्या चित्रात नव्हती. तिच्यापर्यंत शिक्षण नेण्याचा विचार सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांनी १८४८ सालीच पुण्यात शाळा काढून सुरू केला होता, आणि तो मार्ग जास्त अवघड होता. रमाबाईंचं मोठेपण सांगताना हे झाकायचं कारण नाही.

१६ जानेवारी १९०१ ला रानडे गेले. रमाबाई एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर. मुंबई सोडून त्या पुण्याच्या वाड्यात परतल्या आणि जवळपास वर्षभर बाहेरच आल्या नाहीत. त्या काळच्या विधवेकडून अपेक्षा इतकीच होती, की तिनं आतच राहावं. आत राहिल्या असत्या तर कुणी नाव ठेवलं नसतं.

त्या बाहेर आल्या. येरवड्याच्या तुरुंगात बायकांच्या बराकीत जायला लागल्या, कैदी बायकांशी बोलायच्या, त्यांचं ऐकून घ्यायच्या. दवाखान्यात रुग्णांना भेटायला जायच्या. १९०४ मध्ये मुंबईत भारत महिला परिषद भरली तिच्या त्या अध्यक्ष होत्या. मग १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडूमल या दोघांनी त्यांच्यासमोर एक कल्पना मांडली. बायकांसाठी एक घर असावं, तिथं त्यांना सेवेचं, विशेषतः रुग्णसेवेचं शिक्षण मिळावं. मुंबईत सेवासदन सुरू झालं. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, रमाबाईंनी पुण्यात आपल्या वाड्यातच सेवासदन उभं केलं. सोबतीला भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर.

आता नर्सिंगकडे येऊ. त्या वेळी चांगल्या घरची बाई नर्स होणं म्हणजे काय, याची आज कल्पना येत नाही. परक्या माणसाला हात लावायचा, कोणत्या जातीचा कोण आलाय ते पाहायचं नाही, रक्त-मलमूत्र साफ करायचं, रात्रपाळी करायची. विटाळाच्या सगळ्या कल्पना एका नोकरीत मोडायच्या. त्यामुळे हे काम हलकं समजलं जायचं. सेवासदननं ससून हॉस्पिटलमध्ये बायका शिकायला पाठवल्या आणि त्यांच्या राहण्याची सोय केली. यातल्या कित्येक विधवा होत्या, काही अगदी कोवळ्या वयाच्या. त्यांच्यासाठी हे शिक्षण म्हणजे दिराच्या दारात आयुष्यभर राबण्यातून सुटका होती. महिन्याला स्वतःचा पगार. बाईसाठी या दोन शब्दांचा अर्थ काय होतो, हे तुमच्या गावातल्या आशाताईंना विचारून बघा.

याच काळातला एक प्रसंग तुम्ही मुद्दाम वाचायला हवा, कारण त्यात कॉलेजचे विद्यार्थी आहेत. सेवासदनच्या एका समारंभात बक्षीस घ्यायला एक विधवा मंचावर आली. केशवपन केलेलं, अंगावर विधवेचं लाल लुगडं, डोक्यावरून घट्ट पदर. सज्जात बसलेल्या विद्यार्थ्यांनी हुल्लड सुरू केली. शिट्ट्या, हसणं, आरडाओरडा. तुमच्या-माझ्या वयाची, शिकलेली पोरं! गॅदरिंगमध्ये मागच्या रांगेतून काय काय ओरडलं जातं ते आपण पाहिलेलं आहे, त्यामुळे हा आवाज ओळखीचा वाटेल.

रमाबाई समारोपाला उभ्या राहिल्या आणि आयुष्यभर सौम्य बोलणारी ही बाई संतापली. तुम्ही स्वतःला विद्यापीठाचे विद्यार्थी म्हणवता, मग एका दुःखी बाईवर हसताच कसे, आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरात विधवा बहीण, आत्या, मावशी नाही ते सांगा, अशा अर्थाचं त्यांनी सुनावलं. सज्जा गप्प झाला. आयुष्यभर घरातल्यांना उलट न बोललेल्या बाईचा हा राग स्वतःसाठी नव्हता, हे लक्षात घ्या.

सेवासदनचं काम वाढत गेलं. शिक्षिका तयार करण्याचं कॉलेज, वसतिगृहं, शिवण-हातकामाचे विभाग, वेगवेगळ्या गावी शाखा. आळंदीच्या जत्रेत सेवासदनच्या स्वयंसेविका वारकरी बायकांच्या मदतीला जायच्या. आपल्या नागपुरातही सेवासदन नावाची शाळा आहे, हे तुमच्यापैकी काहींना माहीत असेल.

शेवटच्या काही वर्षांत रमाबाई रस्त्यावरही उतरल्या. १९२० च्या सुमारास पुण्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला. नगरपालिकेकडे पैसे कमी, तेव्हा आधी फक्त मुलांचं करू, मुलींचं नंतर पाहू, असं टिळक पक्षाचं म्हणणं. रमाबाई आणि इतर बायकांनी मुलींनाही तोच हक्क हवा म्हणून मोर्चा काढला. पुण्यात बायका मोर्चा काढतात, हीच तेव्हा बातमी होती. आपल्या जिल्ह्याला बायकांचा मोर्चा काही नवा नाही. दारूबंदीसाठी २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत बायका पायी गेल्या, २०१५ मध्ये बंदी लागू झाली, २०२१ मध्ये उठली. त्या मोर्चातल्या अनेक जणी आधी गावातल्या महिला मंडळात, बचत गटातच एकमेकींना भेटत होत्या.

त्यानंतर मतदानाचा हक्क. मुंबई प्रांतात बायकांना मत मिळावं म्हणून जी चळवळ झाली, तिच्यातही रमाबाई पुढे होत्या. १९२१ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळानं तो ठराव केला. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात, त्यामुळे इकडच्या बायकांना आणखी काही वर्षं थांबावं लागलं.

१९२४ साली रमाबाई गेल्या. १९६२ मध्ये, जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा, भारतीय डाक विभागानं त्यांचं तिकीट काढलं.

त्यांचं एक पुस्तक आहे, आमच्या आयुष्यातील काही आठवणी. १९१० साली आलं. मराठीतल्या बायकांच्या आत्मकथनांत ते फार वरच्या जागी आहे, आणि भाषा इतकी घरगुती आहे की एका रविवारी बरंचसं वाचून होईल. भांड्यांजवळचा वर्तमानपत्राचा तुकडा, मिस हरफर्ड, कलकत्त्याचा न्हावी, सगळं त्यात भेटेल. पण नाव नीट वाचा, माझ्या नाही, आमच्या. पुस्तक सगळं रानड्यांभोवती फिरतं आणि जानेवारी १९०१ मध्ये, त्यांच्या मृत्यूपाशी संपतं. त्यानंतरची तेवीस वर्षं, म्हणजे तुरुंगाच्या भेटी, सेवासदन, ससूनमध्ये पाठवलेल्या मुली, सज्जातल्या पोरांना दिलेली ती झाडणी, मोर्चा, यातलं काहीच त्यात नाही. ते शोधायचं तर सेवासदनचे जुने अहवाल आणि दुसऱ्यांनी लिहिलेली चरित्रं चाळावी लागतात.