लोहाऱ्याचा डोंगर आणि जमशेटजींचा हिशेब

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला एक वाक्य तोंडपाठ असते. इथे कोळसा आहे, लोखंड आहे, जंगल आहे, नद्या आहेत. मग कारखाने का नाहीत? मीही हे वाक्य अनेक चहाच्या टपऱ्यांवर तावातावाने म्हटले आहे. पुढे मात्र ते म्हणताना जीभ अडखळू लागली.

कारण असे झाले. १९८९ साली मी चंद्रपूरला बँकेत अधिकारी होतो. बिडाच्या ओतकामाचा लहानसा कारखाना काढू पाहणाऱ्या एका तरुणाचे कर्जप्रकरण माझ्या टेबलावर आले. कोळसा हाकेच्या अंतरावर, असे प्रकल्प अहवालात लिहिले होते. मी त्याखाली शिफारशीची सही ठोकली. इथला कोळसा बॉयलरखाली जळतो, पण त्यापासून भट्टीला लागणारा कोक होत नाही, हे मला कळले तोवर झरियाकडून कोक मागवता मागवता तो तरुण थकबाकीदार झाला होता. वसुलीची नोटीसही माझ्याच सहीने गेली. त्या अपराधी मनःस्थितीत मी जमशेटजी टाटांचे चरित्र हाती घेतले आणि चकित झालो. माझ्या आधी शंभरेक वर्षे, याच जिल्ह्यात, याच कोळशापाशी ते येऊन थांबले होते. फरक इतकाच, की त्यांनी सही करण्याआधी कोळसा तपासून घेतला होता.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, नवसारीचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण, मग वडिलांच्या पेढीवर व्यापार. १८६८ साली २१ हजार रुपयांवर त्यांनी स्वतःची पेढी काढली. बुडालेली एक तेलगिरणी घेऊन तिची सूतगिरणी केली आणि नफ्यात विकली. मग ते लँकेशायरला जाऊन कापडधंदा पाहून आले. परतल्यावर त्यांनी जे केले ते मुंबईच्या शेठजींना वेडेपणाचे वाटले. सारे जग मुंबईत गिरण्या काढत असताना हा गृहस्थ नागपूरला निघाला!

पण त्यामागे हिशेब होता. वऱ्हाड-नागपूरचा कापूस दाराशी, माल न्यायला रेल्वे आणि इंधनाला वरोऱ्याचा कोळसा. आज आपण वरोरा ओळखतो ते आनंदवनामुळे; त्या काळी तिथे सरकारी कोळसाखाण होती. १८७४ साली १५ लाखांच्या भांडवलावर कंपनी निघाली. गिरणीसाठी घेतलेली जागा दलदलीची. तिथल्या एका सावकाराने जमिनीत सोने गाडणाऱ्या या उद्योगाला पैसे द्यायचे नाकारले आणि पुढे आपली चूक कबूल केली, अशी आठवण सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली.

सुरुवातीची यंत्रे स्वस्तातली होती. माल वाईट निघाला. जमशेटजींनी ती बदलून टाकली. पुढे अमेरिकेत निघालेल्या रिंगच्या चात्यांकडे लँकेशायरवाले अजून संशयाने पाहत होते, तेव्हा १८८३ च्या सुमारास यांनी त्या नागपुरात लावून पाहिल्या. प्रतिस्पर्धी बलाढ्य असेल तर त्याच्याच जुन्या यंत्रांवर त्याच्याशी झुंजू नये, हे त्यांना उमगले होते. कामगार टिकावा म्हणून १८८६ मध्ये पेन्शन फंड आणि १८९५ मध्ये अपघातभरपाईही आली. यात माणुसकी होती तसा धंदाही होता. त्यांनी या दोहोंत भांडण मानले नाही.

सारेच डाव जमले असे मात्र नाही. कुर्ल्याची आजारी धरमसी मिल स्वस्तात घेऊन तिची स्वदेशी मिल केली, तिने त्यांना जेरीस आणले. चीन-जपानकडे माल नेणाऱ्या इंग्रजी बोटकंपनीला शह देण्यासाठी जपान्यांच्या साथीने काढलेली बोटसेवा भाडेयुद्धात बुडाली.

आणि आमचा लोहारा? १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंडावरचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचे खनिज उत्कृष्ट, जवळच वरोऱ्याचा कोळसा! कुणाही माणसाचे डोके फिरावे असा योग. जमशेटजींनी कोळशाचे नमुने जर्मनीला तपासायला पाठवले. तो पोलादाच्या कामाचा नाही, असा निकाल आला. खाणीच्या सरकारी अटीही जाचक होत्या. त्यांनी प्रकरण बाजूला ठेवले, पण मिटवले नाही. कर्झनच्या काळात खाणीचे नियम सैल होताच, साठी उलटलेला हा माणूस पुन्हा उठला. १९०२ मध्ये अमेरिकेला जाऊन पोलादाचे कारखाने पाहून आला, चार्ल्स पेरिन या तज्ज्ञाला त्याने गाठले.

मग पेरिनचा सहकारी वेल्ड, जमशेटजींचे पुत्र दोराबजी आणि भाचा शापुरजी सकलातवाला चांद्याच्या रानात हिंडले. बैलगाडीचा प्रवास, वाघाचे भय, पाण्याचे दुर्भिक्ष. हाती आले ते इतकेच, की खनिज चांगले, पण मोठ्या कारखान्याला पुरणारे नाही. नकार कळवायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले, ते सहज समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तिथल्या भूगर्भ-नकाशावर त्यांना दुर्ग जिल्हा दिसला. पुढे प्रमथनाथ बोस यांच्या पत्राने मयूरभंजची वाट दाखवली. जमशेटजी १९ मे १९०४ रोजी जर्मनीत वारले. त्यांनी पोलादाचा एक तुकडाही पाहिला नाही.

टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी झाली २६ ऑगस्ट १९०७ रोजी. बरोबर ७५ वर्षांनी, २६ ऑगस्ट १९८२ ला, चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. योगायोगच. आज एटापल्लीतल्या सुरजागडचे खनिज निघते आहे, कोनसरीला कारखाना उभा आहे. मी आनंदाने पाहतो. पण जुनी सवय जात नाही. कोक कुठून येणार, पाणी कुणाचे, डोंगरापायथ्याच्या गावाच्या वाट्याला काय, हे विचारावेसे वाटते. जमशेटजी आमच्या जिल्ह्याला नाही म्हणून गेले, याचे मला पूर्वी वाईट वाटे. आता वाटते, वेळेवर नाही म्हणणारा एक माणूस १९८९ साली माझ्या खुर्चीत असता, तर एका घराचे भले झाले असते.