सूर्यावर घर गरम करणारी 'सन क्वीन' : मारिया टेलकेश यांची गोष्ट

थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठते, ती आपण उन्हात ठेवतो आणि तेल पातळ होतं. या साध्या गोष्टीमागे जे विज्ञान आहे, त्याच विज्ञानावर एका बाईने १९४८ साली अख्खं घर गरम करून दाखवलं होतं. ना कोळसा, ना तेलाची भट्टी. फक्त ऊन आणि मीठ! तिचं नाव मारिया टेलकेश. अमेरिकेत तिला 'सन क्वीन' म्हणजे सूर्याची राणी म्हणायचे.

बुडापेस्ट ते बोस्टन

मारिया यांचा जन्म १२ डिसेंबर १९०० रोजी हंगेरीतल्या बुडापेस्ट शहरात झाला. १९२४ मध्ये त्यांनी तिथेच फिजिकल केमिस्ट्रीत डॉक्टरेट मिळवली आणि थोड्याच काळात अमेरिका गाठली. आधी क्लीव्हलंडच्या एका वैद्यकीय संस्थेत, मग वेस्टिंगहाऊस कंपनीत काम केलं. पण लहान वयापासून डोक्यात एकच विषय होता : सूर्य. म्हणून एमआयटीत सौरऊर्जेचा प्रकल्प सुरू झाल्यावर १९३९ च्या सुमारास त्या तिथे गेल्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी समुद्राच्या खाऱ्या पाण्यापासून उन्हावर गोडं पाणी बनवणारं, हवा भरून फुगवायचं एक छोटं यंत्र तयार केलं. जहाज बुडालं किंवा विमान पडलं, तर लाइफ राफ्टवर अडकलेल्या माणसांना पाणी मिळावं, हा त्याचा उद्देश.

मुख्य अडचण : रात्रीचं काय?

ऊन दिवसा मिळतं आणि थंडी रात्री वाजते. म्हणजे उष्णता कुठेतरी साठवायला हवी, जणू उष्णतेची पॉवर बँक. पाण्याच्या टाकीत ती साठवता येते, पण टाकी प्रचंड मोठी लागते.

टेलकेश यांनी निवडलं ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे पाण्याचे रेणू धरून ठेवणारं सोडियम सल्फेट. हे मीठ साधारण ३२ अंश सेल्सिअसला वितळतं आणि वितळताना भरपूर उष्णता पोटात घेतं. परत गोठताना तीच उष्णता बाहेर सोडतं. एक किलो मीठ वितळायला सुमारे २५० किलोज्यूल लागतात. तेवढ्या उष्णतेत एक किलो पाणी जवळजवळ ६० अंशांनी तापेल! शिवाय हे मीठ स्वस्त होतं.

तीन बायका, एक घर

आता हे कागदावरून जमिनीवर आणायचं होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या डोव्हर गावात शिल्पकार अमेलिया पीबॉडी यांनी जागा आणि पैसा दिला. घराचं डिझाइन केलं आर्किटेक्ट एलेनॉर रेमंड यांनी. रेमंड शिकत होत्या तेव्हा हार्वर्डमध्ये मुलींना आर्किटेक्चरला प्रवेशच नव्हता. त्या मुलींसाठी काढलेल्या वेगळ्या शाळेत शिकल्या. म्हणजे पैसा, नकाशा आणि विज्ञान, तिन्ही बाजू बायकांनी सांभाळल्या. तेही १९४८ मध्ये.

वरच्या मजल्याची दक्षिणेकडची बाजू काचेची होती. काचेमागे काळे रंगवलेले पत्रे. पत्रा तापला की हवा तापायची, आणि पंखे ती हवा खालच्या भिंतींमधल्या कप्प्यांत ढकलायचे. या कप्प्यांत मिठाचे डबे रचलेले होते. मीठ होतं साधारण २१ टन! वरचा हिशोब लावला, तर सगळं मीठ वितळल्यावर तेराशे-चौदाशे युनिट विजेइतकी उष्णता जमा होते. घरात टेलकेश यांच्या चुलतभावाचं कुटुंब राहायला आलं आणि पहिले दोन हिवाळे छान गेले.

तिसऱ्या हिवाळ्यातला बग

मग गडबड सुरू झाली. मीठ पुन्हा पुन्हा वितळलं आणि गोठलं की त्याचे थर होत होते. जड भाग तळाशी बसायचा, पाणी वर राहायचं, आणि दोघं पुन्हा नीट एकत्र येत नव्हते. त्यामुळे उष्णता साठवण्याची ताकद घटत गेली. डबेही गंजून गळायला लागले. शेवटी घरात नेहमीची हीटिंग बसवावी लागली.

सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. डेमो मस्त चालतो, पण शेकडो वेळा तीच सायकल फिरली की लपलेला बग बाहेर येतो. फरक एवढाच की इथे बग २१ टनांचा होता आणि त्या घरात माणसं राहत होती.

१९५३ मध्ये टेलकेश यांना एमआयटी सोडावी लागली. सौर प्रकल्पातल्या वरिष्ठांशी त्यांचे मतभेद आधीपासून होतेच. गंमत बघा, आदल्याच वर्षी सोसायटी ऑफ विमेन इंजिनिअर्स या संस्थेने आपला पहिला अचिव्हमेंट अवॉर्ड त्यांना दिला होता. संस्था तेव्हा नवीन होती. इंजिनिअरिंगमध्ये येणाऱ्या मुलींना दाखवायला तिला एक चेहरा मिळाला.

पुढे काय?

टेलकेश थांबल्या नाहीत. न्यूयॉर्क विद्यापीठात फोर्ड फाउंडेशनच्या ४५,००० डॉलरच्या मदतीने त्यांनी आरशांचा सोलर ओव्हन बनवला. त्याचं तापमान २०० अंशांच्या आसपास जायचं. मिठाचा प्रश्नही त्यांनी सोडला नाही. थर होऊ नयेत म्हणून मिश्रण घट्ट करायचं, आणि ते वेळेवर गोठावं म्हणून त्यात बोरॅक्स घालायचं, यावर त्या अनेक वर्षं काम करत राहिल्या. सत्तरी पार केल्यावर डेलावेअर विद्यापीठात १९७३ च्या 'सोलर वन' घरावर त्यांनी काम केलं. हे घर उन्हातून वीज आणि उष्णता दोन्ही मिळवायचं. त्यांच्या नावावर २० पेक्षा जास्त पेटंट आहेत.

२ डिसेंबर १९९५ रोजी, जन्मगावी बुडापेस्टला गेलेल्या असताना, त्यांचं निधन झालं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं.

आज या तंत्राला 'फेज चेंज मटेरियल' म्हणतात. इमारतींच्या भिंतींत आणि छतांत ते वापरलं जातं, म्हणजे दुपारची उष्णता आत येण्याआधीच अडवता येते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर घर गरम करण्यापेक्षा थंड ठेवणं जास्त गरजेचं. सिव्हिल किंवा आर्किटेक्चर करणाऱ्या मैत्रिणींनो, प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल तर डोव्हरच्या घरापासून सुरुवात करा. ते का चाललं हे वाचाच, पण तिसऱ्या हिवाळ्यात ते का बंद पडलं हे आधी समजून घ्या.