फोमचा एक तुकडा अन् सात जीव : कर्नालच्या कल्पना चावला यांची गोष्ट

जालना : १ फेब्रुवारी २००३, शनिवार. भारतात संध्याकाळ झाली होती. अमेरिकेचं कोलंबिया यान १६ दिवसांची मोहीम आटोपून जमिनीवर उतरायला फक्त १६ मिनिटं बाकी होती. तेवढ्यात टेक्सासच्या आकाशात यानाचे तुकडे झाले. आतले सातही अंतराळवीर गेले. त्यात हरियाणातल्या कर्नालच्या कल्पना चावला होत्या.

कल्पना यांचा जन्म १९६२ चा. फाळणीत सगळं सोडून आलेलं कुटुंब, वडिलांचा टायरचा धंदा. चार भावंडांत कल्पना सगळ्यात धाकट्या. विमानाचं वेड लहानपणापासूनच. चंदीगडला त्यांनी विमान अभियांत्रिकी घेतली, तेव्हा त्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. १९८२ मध्ये पदवी घेऊन अमेरिकेला गेल्या, १९८८ मध्ये पीएच.डी. झाली आणि नासात काम सुरू झालं.

१९९७ मध्ये त्या पहिल्यांदा अंतराळात गेल्या. भारतात जन्मलेली महिला अंतराळात जाण्याची ही पहिलीच वेळ. त्या मोहिमेत एक उपग्रह भरकटला. दोन सहकाऱ्यांनी यानाबाहेर जाऊन तो हातानं धरून आणला. बोट आधी कल्पना यांच्याकडे दाखवलं गेलं, पण चौकशीत चूक यंत्रणेची निघाली. त्यामुळेच त्यांना दुसरी संधी मिळाली.

१६ जानेवारी २००३ ला कोलंबियानं उड्डाण केलं. जेमतेम ८२ सेकंदांत इंधनाच्या टाकीवरचा फोमचा तुकडा निसटला आणि डाव्या पंखावर आदळला. वजन पाऊण किलोच्या आसपास, पण वेग ताशी ८०० किलोमीटरच्या घरात. पंखाच्या कडेचं उष्णतारोधक आवरण फुटलं.

धडक झाल्याचं दुसऱ्याच दिवशी चित्रफितीत दिसलं होतं. अभियंत्यांनी पंखाचे जवळून फोटो काढायची मागणी केली. वरिष्ठांनी ती मान्य केली नाही. आधीच्या उड्डाणांतही फोम पडला होता अन् काही झालं नव्हतं, म्हणून आताही होणार नाही, असं धरून चालले. परतताना दीड हजार अंशांहून जास्त तापलेली हवा त्या भोकातून पंखात शिरली आणि पंखच निकामी झाला.

ऑगस्ट २००३ मध्ये चौकशी मंडळाचा अहवाल आला. फोमइतकाच दोष नासाच्या कामाच्या पद्धतीलाही दिला गेला. शटलची उड्डाणं अडीच वर्षं बंद राहिली. पुढं प्रत्येक उड्डाणात यानाची वरच्यावर तपासणी सुरू झाली. २०११ मध्ये शटल कायमचं थांबलं.

कल्पना यांच्या मृत्यूनंतर चारच दिवसांत भारतानं आपल्या मेटसॅट या हवामान उपग्रहाला 'कल्पना-१' नाव दिलं. सप्टेंबर २००२ मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडलेला हा उपग्रह पुढं अनेक वर्षं ढगांची चित्रं पाठवत राहिला. हवामान खात्याच्या अंदाजाला त्याचा आधार होता. पेरणीच्या तोंडावर आभाळाकडं डोळे लावून बसणाऱ्या जालना, भोकरदन, परतूर, मंठ्याच्या शेतकऱ्याच्या डोक्यावरूनही कल्पना यांचं नाव असं वर्षानुवर्षं फिरत होतं.