खोट्या इशाऱ्यांशी झुंजलेला गणिती

गणेशोत्सवात मंडईतल्या शारदा-गजाननाच्या दर्शनाला गर्दी लोटते. अशा ठिकाणी धातू शोधणारी चौकट उभी केलेली असते. किल्ल्यांचा जुडगा, सुटी नाणी, पट्ट्याचे बक्कल, ती कशालाही वाजते. तासाभरात शंभर वेळा वाजली, की पहाऱ्यावरचा माणूस मान वर करून पाहणेही सोडतो. मग एखाद्या वेळी खरोखर पाहायला हवे असेल, तर तो आवाजही इतर शंभरांत मिसळून जातो. रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात सतत वाजणाऱ्या यंत्रांमुळे परिचारिकांचेही असेच होते. वैद्यकात याला इशाऱ्यांचा थकवा म्हणतात.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही हा थकवा येतो. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवण्याचे काम कंपायलर करतो. उतरवताना एखादी जागा संशयास्पद वाटली, तर तो इशारा देतो. त्यातले काही इशारे खरे असतात, काही खोटे. खोट्यांची संख्या वाढली, की प्रोग्रॅमर सगळ्यांकडेच दुर्लक्ष करतो आणि खरी चूक पुढे गाडीच्या ब्रेकमध्ये किंवा बँकेच्या हिशेबात निघते. मग कधीच न चुकणारा कंपायलर का बनवत नाहीत? याचे उत्तर ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने वयाच्या चोविसाव्या वर्षी शोधले. तेव्हा कंपायलर सोडाच, आजच्या अर्थाचा संगणकही जगात नव्हता.

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील ज्युलियस हे मद्रास इलाख्यात इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये अधिकारी होते. आई एथेल यांचा जन्मच कोइमतूरजवळच्या पोदनूरचा. त्यांचे वडील मद्रासकडच्या रेल्वेत मुख्य अभियंता होते. आईवडील हिंदुस्थानात आणि मुले इंग्लंडमध्ये दुसऱ्या कुटुंबाकडे, अशी त्या काळच्या साहेबांच्या घरांतली रीत होती. ॲलन आणि त्यांचा थोरला भाऊ तसेच वाढले.

शेरबोर्नच्या शाळेत त्यांना क्रिस्टोफर मॉरकॉम हा विज्ञानवेडा मित्र मिळाला. दोघे मिळून गणिते सोडवत, तारे पाहत. फेब्रुवारी १९३० मध्ये क्रिस्टोफर अचानक गेला. लहानपणी क्षयबाधित गायीचे दूध पोटात गेल्याने त्याला हा आजार जडला होता. या मृत्यूने ट्युरिंग हादरले. मन म्हणजे काय, ते शरीराशी कसे बांधलेले असते, हा प्रश्न पुढे आयुष्यभर त्यांच्या कामात येत राहिला.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिकून १९३५ मध्ये ते तिथलेच फेलो झाले. १९३६ मध्ये त्यांनी एक शोधनिबंध लिहिला. ठरावीक नियमांनी, एकेक पायरी चालत कोणतेही गणित करू शकेल असे एक काल्पनिक यंत्र त्यांनी त्यात मांडले आणि या यंत्रालाही काही प्रश्नांची उत्तरे कधीच देता येणार नाहीत, हे सिद्ध केले. तो युक्तिवाद आज सोप्या रूपात असा सांगतात. समजा, कोणताही प्रोग्रॅम पाहून तो थांबेल की अखंड फिरत राहील, हे अचूक सांगणारा एक परीक्षक आहे. आता एक खट्याळ प्रोग्रॅम लिहा. तो परीक्षकाला स्वतःबद्दलच विचारतो आणि नेमके उत्तराच्या उलट वागतो. परीक्षक थांबेल म्हणाला, तर हा फिरत राहतो. फिरेल म्हणाला, तर थांबतो. म्हणजे असा परीक्षक असूच शकत नाही. हेन्री गॉर्डन राइस या अमेरिकी गणितज्ञाने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा निष्कर्ष प्रोग्रॅमच्या वागण्याविषयीच्या जवळपास सगळ्याच प्रश्नांना लागू केला.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की प्रोग्रॅम तपासणारे कोणतेही साधन कधी खरी चूक सोडणार, कधी खोटा इशारा देणार, नाहीतर कधी उत्तरच न देता अडकून पडणार. तिन्ही दोष एकदम टाळता येत नाहीत. खोटे इशारे कमी मात्र करता येतात. ते कसे, याचा धडा ट्युरिंग यांना युद्धाने दिला.

दुसरे महायुद्ध सुरू होताच, ४ सप्टेंबर १९३९ रोजी ते ब्लेचली पार्क येथील गुप्तलिपी केंद्रात रुजू झाले. एनिग्मा या जर्मन यंत्राचे संदेश उलगडायचे होते. पोलंडच्या गणितज्ञांनी आधी केलेल्या कामाच्या पायावर ट्युरिंग यांनी बॉम्ब नावाचे शोधयंत्र आखले. संदेशात अमुक शब्द असावेत, असा अंदाज बांधून यंत्राला द्यायचा. एनिग्माच्या चक्रांचा एक क्रम धरला, तर त्यांच्या सुरुवातीच्या १७,५७६ मांडण्या होत. यंत्र त्या एकेक करून तपासे. अंदाजाशी विसंगत मांडणी बाद होई. विसंगती सापडली नाही, की यंत्र थांबे.

हे थांबणेच डोकेदुखी होती. खरी मांडणी फार तर एक, बाकी थांबे खोटे. समजा, हजारात एकच चुकीची मांडणी चाळणीतून निसटली, तरी एका खऱ्या थांब्यामागे सतरा खोटे येणार. प्रत्येक थांबा माणसाने वेगळा तपासायचा आणि तिकडे घड्याळ पळत असे. आरोग्य तपासणी शिबिरांतले गणितही असेच असते. हजार लोकांत दोघेच आजारी असतील आणि चाचणी निरोग्यांपैकी पाच टक्क्यांना चुकून आजारी ठरवत असेल, तर दोन रुग्णांबरोबर पन्नास निरोगी माणसे घाबरून डॉक्टरांकडे जातात. शोधायची गोष्ट जितकी दुर्मीळ, तितके खोटे इशारे जास्त.

मार्च १९४० मध्ये पहिले बॉम्ब यंत्र बसले. त्याचे खोटे थांबे फार होते. तोडगा सहकारी गॉर्डन वेल्चमन यांनी सुचवला. एनिग्माच्या पुढच्या फळीवर अ हे अक्षर ब ला जोडलेले असेल, तर ब सुद्धा अ लाच जोडलेले असते. हे माणसांना ठाऊक होते, पण यंत्र त्याचा पुरता उपयोग करत नव्हते. तारांची एक जास्तीची पाटी बसवून हे ज्ञान यंत्रात घातले आणि खोटे थांबे झपाट्याने घटले. ही पाटी असलेले यंत्र ऑगस्ट १९४० मध्ये आले. यंत्राचा कान बधिर करून आवाज कमी केला असता, तर खरा थांबाही हुकला असता. इथे यंत्र अधिक जाणते झाले, म्हणून ते कमी वेळा चुकले.

या काळात ट्युरिंग यांच्या तऱ्हा प्रसिद्ध झाल्या. त्यांना परागकणांची ॲलर्जी होती, म्हणून जून महिन्यात ते विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा चढवून सायकल चालवत. धावण्यातही ते तरबेज होते. १९४७ मध्ये त्यांनी २ तास ४६ मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली.

युद्धानंतर ते संगणक बांधणीकडे वळले. जून १९४९ मध्ये केंब्रिजच्या एका परिषदेत त्यांनी मोठा प्रोग्रॅम बरोबर आहे हे कसे तपासावे, यावर छोटा निबंध वाचला. लिहिणाऱ्याने जागोजागी आपली खात्री नोंदवावी. या ठिकाणी अमुक संख्या इतकी असलीच पाहिजे, अशी. मग तपासणाऱ्याला एकेक नोंद स्वतंत्रपणे पडताळता येते आणि त्यातून सगळ्या प्रोग्रॅमची खात्री पटते. सूत्र पुन्हा तेच होते. माणसाच्या डोक्यातले ज्ञान तपासणीच्या हाती द्यायचे.

मंडईतल्या एखाद्या गाळ्यावर बिले करणारा प्रोग्रॅम आहे, असे धरू. सुरुवातीला त्यात सूचना आहे, गिऱ्हाईक उधारीचे असेल तर त्याचे नाव भर. मध्ये बटाटे, कांदे, मिरच्यांचा हिशेब. शेवटी दुसरी सूचना, गिऱ्हाईक उधारीचे असेल तर ते नाव वहीत उतरव. रोखीच्या गिऱ्हाईकाचे नाव भरलेले नसते, पण ते मागितलेही जात नाही. माणसाला हे पाहताक्षणी कळते. कंपायलर मात्र दोन्ही अटी सुट्या धरतो. सुरुवातीला रोखीचे असलेले गिऱ्हाईक शेवटी उधारीचे झाले तर, अशी न घडणारी वाट त्याला दिसते आणि नाव कदाचित कोरे असेल, असा इशारा तो देऊन मोकळा होतो. दोन्ही ठिकाणची अट एकच आहे आणि मधे ती बदललेली नाही, हे जाणण्याइतकी बारीक तपासणी त्याला शिकवली, की हा खोटा इशारा जातो. त्यासाठी वेळ आणि संगणकाची ताकद जास्त लागते. तेवढी किंमत कुठे मोजायची आणि कुठे नाही, हे कंपायलर बांधणाऱ्यांना ठरवावे लागते.

पुण्यात या प्रश्नावर बराच काळ काम झाले आहे. १९८१ मध्ये इथे सुरू झालेल्या टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात वाहनांसारख्या यंत्रांतले प्रोग्रॅम तपासणारे साधन तयार झाले. त्याचे खोटे इशारे कसे घटवावेत, यावर तिथल्या संशोधकांनी निबंध लिहिले. एकाच मुळातून निघालेल्या इशाऱ्यांचा गट करायचा, म्हणजे एक तपासला की उरलेल्यांचा निकाल लागतो. किंवा इशारा देऊन झाल्यावर, ही वाट खरोखर चालता येते का, हे दुसऱ्या अधिक काटेकोर साधनाकडून पडताळायचे.

हे सगळे पाहायला ट्युरिंग उरले नाहीत. ते समलिंगी होते आणि त्या वेळच्या इंग्लंडमध्ये तो गुन्हा होता. मार्च १९५२ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. तुरुंग टाळायचा तर संप्रेरकांचे उपचार घ्या, अशी अट होती. त्यांनी ती पत्करली. वर्षभर त्यांना स्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्री-संप्रेरक दिले गेले. त्याने त्यांच्या शरीरात बदल झाले. आजार नव्हताच, औषध मात्र लादले गेले. सरकारी गुप्तलिपीच्या कामाची दारेही त्यांना बंद झाली. तरीही त्या वर्षी त्यांनी प्राण्यांच्या अंगावरचे पट्टे आणि ठिपके रसायनांच्या पसरण्यातून कसे उमटत असतील, याचे गणित प्रसिद्ध केले. जीवशास्त्रात ते आजही वापरले जाते.

७ जून १९५४ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, सायनाइडच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. रासायनिक प्रयोग करताना झालेला हा अपघात होता, असे त्यांच्या आईला अखेरपर्यंत वाटत राहिले. ब्रिटिश सरकारने २००९ मध्ये त्यांच्याबाबत झालेल्या वागणुकीची माफी मागितली, २०१३ मध्ये राणीने त्यांना मरणोत्तर क्षमा दिली आणि २०२१ मध्ये पन्नास पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र आले.

कंपायलरच्या कित्येक इशाऱ्यांत आजही कदाचित हा शब्द असतो. त्यातले बरेच कदाचित कंपायलर सुधारतील तसे कमी होतील. सगळे कधीच जाणार नाहीत, हे मात्र १९३६ पासून ठरलेले आहे.