नाव न घेतलेला लेखक

बँकेच्या नोकरीत सहामाही क्लोजिंगच्या रात्री टॅली लागेपर्यंत घरी जाता येत नसे. त्या दिवसांत माझ्या ड्रॉवरमध्ये वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक पुस्तक हमखास असायचं. ॲलिस्टर मॅक्लीनचं! शेवटच्या लोकलमध्ये ते उघडलं की दिवसभराचे आकडे डोक्यातून पळून जात. पुढे मी स्वतः कादंबऱ्या लिहू लागलो. एका कार्यक्रमात मला आवडते लेखक विचारले, तेव्हा मी चार वजनदार नावं सांगितली. मॅक्लीनचं घेतलं नाही. त्याची रुखरुख आजही आहे.

मॅक्लीनचा जन्म १९२२चा, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा. वडील धर्मोपदेशक. घरची भाषा गेलिक. ज्या इंग्रजीत त्यानं जगभर वाचक मिळवले, ती त्याची मातृभाषा नव्हतीच! १९४१ मध्ये तो ब्रिटिश नौदलात शिरला. रशियाला रसद नेणाऱ्या जहाजांच्या संरक्षणासाठी आर्क्टिकच्या गोठवणाऱ्या समुद्रात गेला. युद्ध संपल्यावर शिकून शाळामास्तर झाला.

चार पैसे जास्त मिळावेत म्हणून तो गोष्टी लिही. १९५४ मध्ये ग्लासगोच्या एका वर्तमानपत्राची कथास्पर्धा त्यानं जिंकली. बक्षीस १०० पौंड. ती कथा पाहून कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेनं कादंबरी मागितली. आर्क्टिकमधले अनुभव होतेच. १९५५ मध्ये ‘एच. एम. एस. युलिसिस’ आली आणि तुफान खपली. १९५७ मध्ये ‘द गन्स ऑफ नॅव्हारोन’ आली. मास्तरकी सुटली.

पैसा आला, पण मनातली शंका गेली नाही. पुस्तकं गुणावर खपतात की नावावर, हे पाहण्यासाठी त्यानं ‘इयान स्टुअर्ट’ या टोपणनावानं दोन कादंबऱ्या काढल्या. मधे लेखन थांबवून हॉटेलं चालवली, मग पुन्हा लेखणी धरली. रिचर्ड बर्टनसाठी ‘व्हेअर ईगल्स डेअर’ लिहिली. १९६८ मध्ये तो चित्रपट आला आणि गाजला. तरी तो स्वतःला साहित्यिक मानत नसे, नुसता गोष्ट सांगणारा म्हणवून घेई. भराभर लिहून हातावेगळं करायचं, ही त्याची रीत. पुढे दारू वाढली, पुस्तकांचा कस उतरला. १९८७ मध्ये म्यूनिकला तो गेला. स्वित्झर्लंडमध्ये बर्टनच्या कबरीजवळच त्याची कबर आहे.

थकल्याभागल्या माणसाला दोन तास जागचं हलू न देणं हे काम हलकं नाही, हे मला स्वतः लिहायला लागल्यावर कळलं. त्यानं आपल्या कामाला कमी लेखलं, आणि त्या कामावर जगलेल्या माझ्यासारख्यांनीही पुस्तकाला कव्हर घातलं. एक नोंद राहिली तर टॅली लागत नाही. माझ्या वहीतली ही नोंद आज करतो आहे.