जोसेफ फूरिये : शिंप्याचा मुलगा, उष्णतेचा गणिती

जोसेफ फूरिये यांचा जन्म १७६८ साली फ्रान्समधील ओसेर गावी एका शिंप्याच्या घरी झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. पण शाळा सुटली नाही. गावच्या लष्करी शाळेत त्यांना गणिताची गोडी लागली. १७९८ मध्ये ते नेपोलियनबरोबर इजिप्तला गेले. परतल्यावर ग्रेनोबल येथे सरकारी कारभार सांभाळून त्यांनी उष्णतेचा अभ्यास केला. १८०७ चा त्यांचा प्रबंध लाग्रांजसारख्या थोर गणितज्ञाला पटला नाही. फूरिये खचले नाहीत. १८१२ मध्ये त्याच विषयावर पारितोषिक मिळाले आणि १८२२ मध्ये ग्रंथ निघाला.

तत्त्व साधे आहे : तापमानातील फरक जितका मोठा, तितकी उष्णता वेगाने वाहते. समजा, कायम २० अंशांवर ठेवलेल्या पाण्यात नळीचे वेटोळे बुडवले आणि त्यात ८० अंशांचे पाणी सोडले. दर मीटरला फरक निम्मा होत असेल, तर पहिल्या मीटरनंतर ५०, दुसऱ्यानंतर ३५, तिसऱ्यानंतर २७.५ अंश उरतील. नळी वाढवावी तसा फायदा घटत जातो. बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान इंजिनिअर आजही याच पायावर काढतात.

फूरिये १८३० मध्ये निवर्तले. पालकहो, एका पोरक्या मुलाची शाळा टिकली, म्हणून जगाला हे गणित मिळाले. घरची अडचण कितीही असो, आपल्या मुलामुलींची शाळा सुटू देऊ नका.